सरांची हेराल्ड आज का आली नाही
(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत साडेअकराला 'सरांच्या गाडीचं पटांगणात आगमन' असं छापलंय. आता पावणेबारा वाजलेत. मघापासून दहाजणांनी तरी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "अगं, गाडी कुठाय?" गाडी आलेली नाही आणि आज येणारही नाही. पत्रिका छापायला गेल्यानंतर हा निर्णय झाला. तो घ्यायला लावणारी मीच, त्यामुळे उत्तर द्यायलाही संयोजकांनी मलाच उभं केलंय.

आपल्यातले जे दहावीलाच या शाळेत आले, त्यांना गाडीची गोष्ट नीट माहीत नसेल. आपले विज्ञानाचे सर रोज पिवळट रंगाच्या एका गाडीतून शाळेत यायचे. त्या काळात कोल्हापुरात मास्तरांकडे असली तर लूना नाहीतर बजाज. सरांकडे चारचाकी, आणि तीही अँबॅसिडर नाही, फियाट नाही. स्टँडर्ड हेराल्ड. गाडी १९७० ची. सरांनी ती १९८४ मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. तोपर्यंत कंपनीने गाड्या बनवणं थांबवलं होतं, सुट्या भागांची मारामार होती, म्हणून ती एका शिक्षकाला परवडली.

या गाडीचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट, दिव्यांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं. मगराने जबडा उघडावा तसं. मग पुढच्या चाकावर चक्क बसून इंजिनाचं काम करता येतं. आठवीत सरांनी अख्ख्या वर्गाला पटांगणात नेऊन इंजिन याच गाडीवर शिकवलं. रेडिएटर कुठे, कार्ब्युरेटर कुठे, प्लग कुठे. माझ्या हातात पाना देऊन सर म्हणाले होते, "खोल तो प्लग. मोडलास तर मी आहे." मी इंजिनिअरिंगला का गेले, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तिथून सुरू होतं.

सर २०१९ मध्ये गेले. गाडी त्याच्या आधीच, २०१४ पासून, राजारामपुरीतल्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. यंदा गणपतीच्या सुमारास काकूंनी आपल्या ग्रुपवर कळवलं, की त्या लेकीकडे पुण्याला जाणार आहेत, घर रिकामं करायचंय आणि गाडी सरांच्या विद्यार्थ्यांनी घेतली तर त्यांना आवडेल. एका खरेदीदाराने फोनवर चार लाख सांगितले होते, तेही काकूंनी मोकळेपणाने लिहिलं.

पुढच्या दोन तासांत काय झालं ते ग्रुपवर अजून आहे. दुबईहून एकजण म्हणाला, "चार तर चार, सर आहेत ते." दुसऱ्याने थेट खाते क्रमांक मागितला. आजच्या दिवसाचा बेतही त्याच रात्री ठरला. राजारामपुरीपासून शाळेपर्यंत हेराल्ड चालवत आणायची, मागच्या सीटवर काकू आणि आपल्या मराठीच्या बाई.

आमच्या घरी गेली काही वर्षं एक जुनी फियाट आहे. तिच्या नादाने मी आणि नवऱ्याने बऱ्याच गाड्या बघितल्या, दोनदा फसलो. म्हणून मी एवढंच लिहिलं, "आधी बघून घेऊ." त्यावर जी शांतता पसरली ती मला पुण्यात बसून ऐकू आली. शेवटी एक मैत्रीण बोलली, "सरांच्या गाडीत खोट काढायला जाणार तू?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं गेलो. मी, आपला 'ब' तुकडीतला एक मित्र, आणि उद्यमनगरातले एक मिस्त्री. मिस्त्रींनी तरुणपणी हेराल्डवर हात चालवलेला. जाण्यापूर्वी काकूंना फोन करून विनंती केली होती, की कुणालाही गाडी चालू करू देऊ नका. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर तेल राहिलेलं नसतं. आधी प्लग काढून थोडं थोडं तेल सोडायचं, इंजिन हाताने फिरवून बघायचं आणि मगच पुढे जायचं. पाहुणे येणार म्हणून कुणीतरी हौसेने बॅटरी लावून स्टार्टर मारतं, आणि वाचू शकलेलं इंजिन तिथेच खराब होतं.

पहिलं काम कागदांचं. आरसी बुक सरांच्या नावावर, नोंदणीची मुदत २०१५ मध्ये संपलेली. मालक हयात नसल्यामुळे गाडी आधी वारस म्हणून काकूंच्या नावावर व्हायला हवी आणि नंतर घेणाऱ्याच्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून बघितले. चासीचा जुळला. इंजिनाच्या नंबरात शेवटचा आकडा पुस्तकात १ दिसत होता, इंजिनावर ७. माझ्या पोटात गोळा आला. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर आपल्याकडे अनेक जुन्या गाड्यांत दुसरीच इंजिनं बसवली गेली. इंजिन बदललेलं असेल तर किंमतही बदलते आणि कागदांचं गणितही.

कोड तपासताना आमच्याकडे एक सवय असते. दोन नोंदी जुळत नसतील तर तिसरी शोधायची. काकूंनी विम्याच्या जुन्या पावत्यांची फाइल काढली. १९८४ च्या पावतीवर टाईप केलेला नंबर होता, शेवटी ७. आरसी बुकात हाताने उतरवताना कुणाच्या तरी ७ चं डोकं अखूड झालं होतं. इंजिन मूळचंच आहे. तरी कागदावर ही दुरुस्ती करून घ्यावीच लागेल, आणि आम्ही ती खर्चात धरली.

मूळचं असण्याला एवढं महत्त्व का, तेही सांगते. शौकिनांच्या भाषेत व्हिंटेज म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची गाडी. आपली हेराल्ड त्यांच्या लेखी क्लासिक. पण केंद्र सरकारने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज धरतात. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५,०००. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच रस्त्यावर. म्हणजे ग्रुपवर ज्यांनी लग्नाच्या वरातीची स्वप्नं बघितली होती, त्यांनी ती सोडून द्यावीत.

आता गाडीकडे वळते. पण तिची घडण समजल्याशिवाय तिचं दुखणं समजणार नाही, म्हणून दोन मिनिटं इतिहास.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये आली. आकार दिला इटलीतल्या तुरिनच्या जोव्हानी मिकेलॉत्ती यांनी. तोवर बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चासी राहिली नव्हती, पत्र्याची बॉडीच सगळा भार घ्यायची. आपली फियाट तशी, अँबॅसिडरही तशी. हेराल्डला मात्र मुद्दाम वेगळी चासी दिली. कंपनीसाठी बॉडी बनवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता, अख्खी बॉडी एका ठिकाणी करून देणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून बॉडीचे तुकडे वेगवेगळीकडे करून घेतले आणि ते चासीवर बोल्टने जोडले. अडचणीतून निघालेली युक्ती, पण त्यामुळे गाडी मेकॅनोच्या खेळण्यासारखी सुटी करता येते. पुढची चाकं इतकी वळतात, की २५ फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. शाळेच्या त्या अरुंद फाटकासमोर सर एका झटक्यात वळवायचे, ते यामुळे.

भारतात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती ९४८ सीसी इंजिनासह बनवली, स्टँडर्ड नावाने. अँबॅसिडर, फियाट आणि ही, त्या काळात भारतातल्या घरगुती गाड्या मुख्यतः या तीनच. इंग्लंडमध्ये हेराल्डला दोनच दारं असायची. आपल्याकडे घरातली सात माणसं बसणार, म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या कारखान्याने चार दारांची हेराल्ड मार्क थ्री काढली. सरांची गाडी त्यातली. म्हणजे ही गाडी मूळ जिथली, त्या देशातही ती या रूपात कधी बनली नाही.

याचा एक उलटा परिणाम होतो आणि घेणाऱ्याने तो लक्षात ठेवायला हवा. इंजिन, गिअरबॉक्स, पुढच्या चाकांची जोडणी यांचे भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने बनतात, मागवता येतात. पण मागचं दार, त्याची काच, काचेचं रबर हे सगळं मद्रासचं. ते जगात दुसरीकडे कुठे शोधणार? म्हणून मी इंजिनाच्या आधी मागची दोन दारं तपासली. दोन्ही मूळची, काचा शाबूत. डावीकडचं हँडल तुटलेलं. आणि उजवं दार नीट बसेना.

तुम्हाला आठवतं का, सर मागचं उजवं दार बंद करताना गुडघ्याने खालून उचलायचे? आपण त्यांची नक्कल करायचो. मला वाटायचं, सरांची लकब आहे. त्या दिवशी मीही गुडघा लावला तेव्हाच ते बसलं, आणि लगेच गाडीखाली शिरले. वेगळी चासी असलेल्या गाडीत दारांच्या फटी म्हणजे आरसा असतो. फट वर चिंचोळी, खाली रुंद असेल, तर चासी मधून बसलेली असते. हेराल्डच्या चासीला मधल्या कण्यातून दोन्ही बाजूंना हात फुटलेले असतात, त्यांच्यावर बॉडी टेकते. उजवीकडच्या मागच्या हाताला मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. कोल्हापूरचा पाऊस, ओली जमीन, ताडपत्रीखाली कोंडलेली वाफ. वरून रंग अजून बरा होता. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवलं, तर दोन ठिकाणी ते चिकटलंच नाही. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती.

इंजिनाने मात्र मान राखला. तेल सोडून हाताने फिरवलं, फिरलं. मग या इंजिनाची एक खास तपासणी असते ती केली. मित्राला आत बसवून क्लच दाबायला सांगितला आणि मी पुढच्या पुलीकडे बघत राहिले. क्लच दाबताना पुली पुढे सरकताना डोळ्यांना दिसली, तर आतले थ्रस्ट वॉशर गेलेत असं समजायचं. ते निसटून खाली पडले तर क्रँकशाफ्ट इंजिनाच्या ब्लॉकलाच खातो. पुली हललेली दिसली नाही, गेज लावून मोजली तर फक्त ०.१५ मिलिमीटर. मिस्त्री म्हणाले, "ताई, मास्तर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारे नव्हते." कॉम्प्रेशन तीन सिलिंडरमध्ये चांगलं निघालं, चौथ्यात कमी. हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवावे लागतील, असा अंदाज आला.

इथपर्यंत मी खुशीत होते. चासीला वेल्डिंग होईल, पैसे लागतील, पण जीवाला धोका नाही. मग मिस्त्री म्हणाले, "पुढची चाकं खोलूया." मी म्हटलं, आज बघायलाच आलोय, खोलायला कशाला? ते म्हणाले, "हेराल्ड आहे. न खोलता हो म्हणू नका."

या गाडीत पुढचं प्रत्येक चाक एका उभ्या पोलादी दांड्यावर असतं. त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळेसारख्या धातूच्या एका ठोकळ्यात बसतात. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. गाडीचा पुढचा भार आणि प्रत्येक वळण या आट्यांवर. इथे गिअरबॉक्सला घालतात तसलं पातळ तेल घालायचं असतं. ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वाळून घट्ट होतं, मागून पाणी शिरतं आणि पोलाद आतल्या आत गंजतं. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस दांडा आट्यांपाशी मोडतो आणि चाक मडगार्डाखाली दुमडतं. चालत्या गाडीत.

डावीकडचा ट्रनियन खोलला. आत वाळलेल्या साबणासारखं ग्रीस. पुसल्यावर दांड्याच्या आट्यांवर गंजाचे खड्डे आणि त्यांतून अर्ध्या घेरापर्यंत गेलेली एक बारीक काळी रेघ. मिस्त्रींनी नखाने ती चाचपली आणि काही बोलले नाहीत. चीर होती. उजवीकडेही गंज होता, चीर नव्हती.

काकूंकडून कळलं, की सरांच्या नंतर घरच्यांनी गाडी विक्रीसाठी नीट असावी म्हणून एकदा तिचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. ज्याने केलं त्याने मन लावून, प्रत्येक निपलला ग्रीस भरलं. त्याचा हेतू चांगला होता, दुसऱ्या बहुतेक गाड्यांना तेच बरोबर ठरलं असतं.

याच गाडीत आपण आज काकूंना आणि बाईंना बसवून आणणार होतो, शेवटी शाळेसमोरचा उतार आणि ते झटक्यातलं वळण. मी त्या अंगणात बराच वेळ तशीच बसून होते.

आता हिशेब. चांगल्या चालू अवस्थेतल्या दोन हेराल्डचे व्यवहार ओळखीतून कळले होते, दोन्हींत पाच लाखांच्या आसपास मोजले गेले होते. आमची दुरुस्तीची यादी अशी: चासी ९०,०००, पुढच्या चाकांची जोडणी ४५,०००, ब्रेक ३५,०००, इंजिनाचं हेड ४०,०००, वायरिंग २०,०००, पत्रा आणि रंग १,२०,०००, टायर, रबरं आणि किरकोळ ३०,०००. बेरीज ३,८०,०००. पाचातून ती वजा केली की उरतात १,२०,०००. फोनवर चार लाख सांगणाऱ्याने गाडी बघितलेलीच नव्हती.

त्या रात्री आम्हा दोघांचं चांगलंच वाजलं. मित्र म्हणाला, "चार लाख देऊन टाकू. काकूंना मदत होईल. तू यादी कुणाला दाखवू नकोस." मला काकूंना मदत नको होती असं नाही. पण मी म्हटलं, किंमत म्हणून चार लाख दिले, तर काकूंना वाटणार गाडी चार लाखांची आहे, म्हणजे चांगली आहे. ग्रुपलाही तेच वाटणार. मग चाकं खोलायला कोण पैसे देईल? चार लाखांच्या गाडीत कुणीही बसेल. तो म्हणाला, "आणि हे काकूंना सांगणार कोण?" अर्थात मी.

पुढचं काकूंच्या परवानगीने सांगते, त्या पहिल्या रांगेत बसल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी घेऊन गेले. चहा झाला. पोरगी नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक दाखवताना जसं होतं, तसं मला होत होतं. एकेक कलम वाचून दाखवलं. काकूंनी मधे एकदाही अडवलं नाही. वाचून झाल्यावर आत गेल्या आणि तपकिरी कव्हरची एक दोनशेपानी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे असते तर त्यांनीच सांगितलं असतं. तुला हे बघायला हवं."

१९८४ पासूनची वही. तारीख, किलोमीटर, काम, खर्च, सरांच्या त्याच फळ्यावरच्या अक्षरात. दर काही महिन्यांनी एक नोंद: 'ट्रनियन – तेल. ग्रीस नको.' 'ग्रीस नको' खाली दोन रेघा. आणि शेवटच्या पानावर मथळा होता, 'गाडी देताना सांगणे'. खाली नऊ मुद्दे. उजव्या दाराचं कारण चासी. खालच्या पत्र्याची पुट्टी. चौथा सिलिंडर. आरसीतला ७. घेणाऱ्याला सांगायचे दोष त्यांनी स्वतःच काढून ठेवले होते.

माझी यादी अकरा कलमांची होती. त्यातली आठ सरांच्या यादीत होती. तीन त्यांच्या नंतरची, ट्रनियन त्यांतलाच. आणि सरांचं एक कलम माझ्या यादीत नव्हतंच. 'मागचा आडवा पाटा, एक पान तुटलेले.' या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच आडवा पाटा असतो, मागच्या सीटच्या पाठीचं झाकण काढल्याशिवाय तो दिसत नाही. मी झाकण काढलंच नव्हतं. परत जाऊन काढलं. पान तुटलेलं होतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेय, आणि आठवीतल्यासारखा सरांनी माझा एक मार्क कापला.

त्या वहीने आमचं भांडणही मिटवलं. गाडीची किंमत वेगळी, सरांबद्दलची कृतज्ञता वेगळी. दोन्ही एका पावतीवर लिहिली, की दोन्ही खोट्या ठरतात. आम्ही सातजणांनी मिळून गाडी १,१०,००० रुपयांना घेतली. पाट्याचे दहा हजार काकूंनीच कापायला लावले. "यादीत आहे म्हटल्यावर कापायला नको?" असं म्हणाल्या. व्यवहाराच्या कागदाला आमची यादी आणि वहीच्या शेवटच्या पानाची प्रत जोडली आहे. आणि ज्यांना सरांसाठी काही द्यायचं आहे, त्यांच्यासाठी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेचा निधी वेगळा उघडलाय. दुबईकर मित्राने त्याचे चार लाख तिथे भरले, हेही नोंदवते. त्याची मी ग्रुपवर पुष्कळ खेचली होती.

तर मंडळी, गाडी उद्यमनगरात आहे. बॉडी चासीवरून उतरवलेली आहे, नवे ट्रनियन आणि दांडे इंग्लंडहून आलेत, चासीचे हात मूळ मापाने नवीन बसवण्याचं काम चालू आहे. चासी नवी टाकायची नाही, आहे तीच दुरुस्त करायची, नियमांसाठीही आणि सरांसाठीही. ज्यांना बघायची आहे त्यांनी दुपारच्या जेवणानंतर माझ्याबरोबर चला, दहा मिनिटांचा रस्ता आहे. आज ती गाडी म्हणून ओळखू येणार नाही, एवढं सांगून ठेवते.

दोन विनंत्या आहेत. कुणाच्या गावी, कुणाच्या मामाच्या गोठ्यात, मार्क थ्रीचं मागचं डावं हँडल किंवा काचेचं रबर सापडलं तर कळवा. आणि ही दुसरी काकूंची अट आहे. गाडी तयार झाल्यावर वर्षातून एकदा शाळेत आणायची, आठवीच्या वर्गाला पटांगणात बोलवायचं, बॉनेट उघडायचं आणि प्लग पोरांनाच खोलू द्यायचा. मुख्याध्यापक सरांनी मघाशी होकार दिला आहे.

त्या दिवसासाठी सरांची वही गाडीतच ठेवणार आहोत. मी तिच्यात परवा पहिली नोंद केली. तारीख, किलोमीटर, आणि पुढे, 'ट्रनियन – नवे. तेल घातले.'